जुनी थार आणि सोलापूरची काळी माती: आधी खालचं काम, मग वरचं

माझ्या थारला मी सगळ्यात आधी काय बसवलं असेल, तर टपावर लाइटची पट्टी. मग पुढे जाड लोखंडी बंपर. मग खोल नक्षीचे चार नवे टायर. गाडी २०१२ ची, सीआरडीई म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनची, मी घेतली तेव्हाच लाखभर किलोमीटर फिरलेली. या सगळ्या थाटासकट सप्टेंबरात मोहोळकडचा एक ओढा मी दोनदा ओलांडला, फोटो काढले, आणि दिवाळीच्या सुमाराला पुढून घुर्र घुर्र आवाज यायला लागला. मिस्त्रीने पुढच्या डिफचा, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचा, खालचा बोल्ट उघडला. तिथून गडद ऑइल यायला हवं होतं, तर दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं पाणी आलं. त्याने ते बोटावर घेतलं, चोळलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "मालक, वर लई सजवलाव. खाली बघितलंच न्हाई की."

बेअरिंग, सील, मजुरी असं सगळं धरून लाइटच्या पट्टीच्या कितीतरी पट खर्च झाला. आणि ते पाणी आत जाऊ नये म्हणून जे करायला हवं होतं, ते काही हातभर रबरी पाइपात आणि दोन क्लिपांत होणारं काम होतं. त्यामुळे इथे जो क्रम सांगतोय, तो मी केला त्याच्या बरोबर उलटा आहे. उदाहरणं थारची असली तरी जुनी बोलेरो, फोर बाय फोर स्कॉर्पिओ, जिप्सी किंवा एखादी कमांडर असली तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

आधी आपली जमीन बघा

यूट्यूबवर दिसतात ते लडाखचे चढ किंवा अरबस्तानातली वाळू. आपल्याकडे दोन्ही नाही. आपल्या जिल्ह्यात पाऊस थोडा, वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे. मंगळवेढ्याकडे काळी भारी जमीन, बार्शीकडे बालाघाटाच्या कडेचे दगडी चढ, सांगोल्याकडे मुरमाड माळ, आणि सगळीकडे वेडी बाभूळ. पाणंद रस्त्यांवर ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल की थारचं पोट मधल्या वरंब्याला घासतं.

म्हणजे आपल्या गाडीचे खरे शत्रू चार: ऊन, फुफाटा, काटे आणि चिकट माती. थारची कंपनीने दिलेली उंची, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, नव्वद टक्के ठिकाणी पुरतो. उंची वाढवायची घाई करायची गरज इथे कुणालाच नाही, तरी सगळे पहिलं तेच करतात.

गाडी खालून धुवा आणि दुसऱ्या दिवशी बघा

पहिलं काम एक पैसाही न लागणारं आहे. वॉशिंगवर गाडी रॅम्पवर चढवून खालून नीट धुवून घ्या. साधं पाणी, डिझेलचा फवारा नको. तो रबरी बुश खातो आणि सगळंच चमकवून गळती लपवतो. दुसऱ्या दिवशी वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा खाली जा. आता जिथे ओलं दिसेल तिथे खरी गळती. इंजिनचा मागचा सील, ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) शाफ्ट बाहेर येतो ती जागा, डिफची पिनियन आणि मागच्या ड्रमच्या आतली बाजू, एवढ्या जागा तर हमखास.

मग छोटी हातोडी घ्या आणि चासी ठोकत चला. चांगलं लोखंड टण्ण वाजतं. गंजलेलं, आतून पोकळ झालेलं ठप्प वाजतं. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलची, म्हणजे ते चासीला लटकतात त्या कडीची, जागा आणि डिझेल टाकीच्या वरचा आडवा भाग इथे माती साठून राहते, गंज तिथूनच सुरू होतो. गाडी विकत घ्यायची असेल आणि खालून ताजं डांबर मारलेलं दिसलं, तर ते थोडं खरवडून बघायची परवानगी मागा. मालक नको म्हणाला तर उत्तर मिळालं.

पुढचं चाक जॅकवर उचलून दोन हातांनी हलवा. वर-खाली धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे डिफकडे ताकद नेणारा गाडीखालचा लांब नळा, हाताने पिरगळून बघा, पण गाडी सपाटीला आणि चाकांना दगड लावून. टक असा आवाज आला, किंवा क्रॉसच्या (शाफ्टच्या सांध्याच्या) टोपीभोवती विटकरी रंगाची भुकटी दिसली, की समजायचं आतलं ग्रीस कधीच संपलंय. पाट्यांमध्ये दुसरा पाटा मोडलेला असेल तर पहिल्याच्या आडोशाला लपतो, म्हणून बॅटरी मारून एकेक पाटा बघावा.

फोर बाय फोरचा दांडा जुन्या गाडीत बऱ्याचदा वर्षानुवर्षं हललेलाच नसतो. सैल मुरमावर गाडी उभी करून फोर-हाय (चारी चाकांना ताकद, वेग नेहमीचा) टाका, स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे घ्या. गाडी अडखळत, ओढल्यासारखी चालली तर पुढची चाकं लागलीत. बाहेर एक माणूस उभा करून त्याला पुढच्या चाकांखालचा मुरूम उडतो का ते बघायला सांगा. हीच गोष्ट डांबरी रस्त्यावर कधी करू नका. थारसारख्या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफ नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो फरक डांबरावर घसरून निघत नाही, मग ताण ट्रान्सफर केसवर येतो. माळावर मात्र महिन्यातून एकदा दांडा टाकून एक-दोन किलोमीटर चालवत चला, म्हणजे आतलं ऑइल फिरतं आणि दांडा अडकत नाही.

ऑइल, सील आणि तो हातभर पाइप

जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाने काय केलंय यावर विश्वास न ठेवता इंजिन, गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफ, सगळ्यांचं ऑइल बदलून टाका. ग्रेड गाडीच्या पुस्तकात असतो, तोच घ्या. स्वतः करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आधी वरचा, ऑइल भरायचा बोल्ट उघडतो का ते बघा, मगच खालचा काढा. खालून सगळं ऑइल सांडून ठेवलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलाय हे मग कळलं, की ती गाडी गॅरेजपर्यंत ओढून न्यावी लागते. खालच्या बोल्टाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी मलमासारखा थर चालतो. नखाएवढा तुकडा निघाला तर ऑइल भरायची घाई करू नका, आत उघडून बघा.

आता माझ्या ओढ्याकडे येतो. डिफच्या घरावर हवा आत-बाहेर व्हायला एक छोटी टोपी असते, ब्रीदर. चालून चालून डिफ गरम होतो, आतली हवा फुगते आणि या टोपीतून बाहेर जाते. तोच गरम डिफ गार पाण्यात शिरला की आतली हवा झटकन आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेऊ बघते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून पाणी ओढते. चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेने ओढते. म्हणजे ओढ्यात किती वेळ होतो याने फरक पडत नाही, पाणी पहिल्या मिनिटातच आत जातं.

उपाय असा. टोपी काढून तिथे निपल बसवा, त्यावर आठ मिलिमीटरचा डिझेलचा रबरी पाइप, आणि तो पाइप इंजिनच्या खोलीत, वरच्या कोपऱ्यापर्यंत आणा. तोंड खाली वळवून टोकाला छोटा फिल्टर लावा. थारचा पुढचा डिफ चासीला बांधलेला असतो, त्यामुळे तिथे पाइप जेमतेम मापाचा चालतो. मागचा एक्सल मात्र पाट्यांवर वर-खाली होतो, तिथे पाइपाला वीतभर झोल ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात निपलातून निसटेल. सायलेन्सरपासून लांब ठेवा, कुठे मुरड पडू देऊ नका. गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरचंही असंच करून घ्या. माझ्या मते जुन्या गाडीवरचा सगळ्यात शहाणपणाचा बदल हाच. फोटोत मात्र दिसत नाही.

ऊन आणि फुफाटा

फोर-लोमध्ये (चारी चाकांना ताकद, जोर जास्त, वेग कमी) गाडी ताशी आठ-दहा किलोमीटरने चढत असते, इंजिन मात्र जोरात फिरत असतं. रेडिएटरला समोरून वारा नाही आणि वरून मे महिना. इथे सोलापूरकरांची गाडी पहिल्यांदा हात टेकते.

रेडिएटरच्या जाळीत ज्वारीचा भुसा, उसाचा पाचट-कचरा आणि माती बसलेली असते. पुढे एसीचा कंडेन्सर असल्यामुळे समोरून काही दिसत नाही. हलक्या दाबाच्या पाण्याने इंजिनच्या बाजूने पुढे असं धुवा. समोरून जोरात मारलं तर कचरा आणखी आत रुततो आणि पात्या दुमडतात. आत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती क्षारयुक्त आहे ते बाथरूमच्या नळाकडे बघून कळतं. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

पंख्याचा व्हिस्कस कपलिंग, म्हणजे पंखा इंजिनला जोडणारा भाग, गेलेला असेल तर शहरात कळत नाही, माळावर कळतं. इंजिन बंद करून, गरम असताना, पंखा हाताने फिरवून बघा. जड जायला हवा. भिंगरीसारखा गरगर फिरला तर बदला.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा वॉल. आपल्याकडे उन्हाळा आला की काही गॅरेजवाले "वॉल काढून टाकू, गाडी गरमच होणार न्हाई" म्हणतात. माझाही काढला होता. हिवाळ्यात काटा पाव भागावर अडकून बसला, ॲव्हरेज पडलं, धूर वाढला. इंजिन तापमानाला पोचतच नव्हतं. नवा थर्मोस्टॅट फार महाग नसतो. जुना अडकला असेल तर बदलावा, भोक उघडं ठेवू नये.

चढावर काटा वर जायला लागलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. पाय भाजतात, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो. शक्य झालं तर तोंड वाऱ्याकडे करून थांबा आणि इंजिन आयडलवर चालू ठेवा. एकदम बंद केलं तर पंप थांबतो, टर्बोही तापलेला असतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, हे सांगायला नको. पण पाटस टोलनाक्याच्या अलीकडे दर उन्हाळ्यात कुणीतरी उघडताना मला दिसतंच.

फुफाट्याबद्दल एकच चाचणी सांगतो, सगळ्यात उपयोगी. एअर फिल्टरच्या पुढे, म्हणजे फिल्टरमधून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात, पांढरं फडकं फिरवा. फडकं मळलं तर फिल्टर बसलेला नाही किंवा पाइपला चीर आहे, आणि माळाची माती थेट पिस्टनच्या रिंगांवर जातेय. फिल्टरला हवा मारायची तर आतून बाहेर, लांबून आणि हलक्या दाबाने. चार-पाच वेळा झाल्यावर नवा घ्या. डिझेल फिल्टरच्या तळाचा पाण्याचा नट पावसाळ्यात दर महिन्याला सैल करून थोडं डिझेल काढत चला. जुन्या टाकीत पाणी जमतं आणि सीआरडीई इंजिनाच्या इंजेक्टरला ते अजिबात चालत नाही.

टायर

आता कुठे टायर. खोल नक्षीचे एमटी (मड टेरेन) टायर माझ्याकडे दोन वर्षं होते. पुणे हायवेवर ऐंशीला गेलं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं, आणि ज्या काळ्या चिखलासाठी घेतले, त्यात दहा फुटांत नक्षी भरून चारी चाकांचे गुळगुळीत रोडरोलर व्हायचे. आता एटी (ऑल टेरेन) आहेत. दगडी चढाला आणि मुरमाला तेच बरे, आणि रोजच्या रस्त्याला त्रास नाही. निवडताना नक्षीपेक्षा बाजूच्या भिंतीची जाडी बघा, कारण बाभळीचा काटा तिथे शिरतो आणि बाजूचं पंक्चर टिकाऊ निघत नाही. मी स्टेपनीशिवाय गाडीत एक ट्यूब ठेवतो. ट्यूबलेसची भिंत फाटली तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून, ट्यूब घालून घरापर्यंत येता येतं.

माप वाढवायचा मोह होतो, म्हणून हिशोब करून बघू. थारचं मूळ माप २३५/७० आर १६. व्यास साधारण ७३५ मिलिमीटर. लोक घालतात ते २४५/७५ आर १६, व्यास ७७४. फरक ३९ मिलिमीटर, म्हणजे जमिनीपासूनची उंची वाढली त्याच्या निम्मी, जेमतेम १९ मिलिमीटर. त्या बदल्यात स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने चाललेली असते, चढावर पहिला गिअर पाच टक्क्यांनी जड होतो, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासतो. ज्याला पटेल त्याने करावं. मला पटलं नाही. आणि काही झालं तरी चारी टायर एकाच मापाचे, शक्यतो सारख्याच झिजलेले. फोर बाय फोरमध्ये दोन नवे, दोन जुने हा प्रकार ट्रान्सफर केस खातो.

सेकंडहँड टायर घेताना भिंतीवरचा चार आकडी शिक्का बघा. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही चांगली दिसली तरी आपल्या उन्हात सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं.

हवा ही फुकटातली सगळ्यात मोठी सुधारणा. हायवेला ३२ पीएसआय, दगडगोट्यांवर २५-२६, मऊ मातीत २० आणि नदीच्या वाळूत १६-१७. टायर खाली पसरतो, पकड वाढते, धक्के कमी होतात. पंधराच्या खाली गेलं तर वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. पण उतरवलेली हवा परत भरायला बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीतच हवा. २० वर हायवेला लागलं तर टायर तापून फुटतो.

खालचा पत्रा आणि हूक

इंजिनचा चेंबर, ट्रान्सफर केस आणि डिझेल टाकी यांच्याखाली चार मिलिमीटरचा लोखंडी पत्रा पुरतो. लेथवाल्याकडून करून घेताना तीन गोष्टी सांगा. पत्रा चासीला वेल्ड करायचा नाही, नट-बोल्टने बांधायचा. ऑइल काढायच्या बोल्टासमोर भोक ठेवायचं. आणि चिखल-पाणी निघून जायला आणखी भोकं पाडायची, नाहीतर काळी माती त्या पत्र्यावर वाळून विटेसारखी बसते आणि इंजिनची उष्णता आतच कोंडते.

ओढायचे हूक पुढे-मागे चासीला मजबूत बोल्टने बांधलेले असावेत. कंपनीने गाडी ट्रकवर बांधून न्यायला दिलेली कडी ओढण्यासाठी नसते. बंपरला, पाट्याच्या शॅकलला, एक्सलला दोर बांधू नका.

उंची, शेवटी

एवढं सगळं करून वर्षभर चालवल्यावरही पोट घासत असेल, तर उंचीचा विचार करा. बहुतेक जुन्या गाड्यांत पाटे बसलेले असतात. पाटेवाल्याकडून त्यांची कमान परत काढून घेतली, नवे बुश आणि शॉकप बसवले, की हरवलेली इंचभर उंची परत येते. त्यात जादा पाटा घालू नका. रिकामी गाडी दगडासारखी उडते आणि चाक खड्ड्यात उतरायचं सोडून हवेत राहतं. चाक जमिनीवर राहिलं तर पकड, हवेत गेलं तर फक्त फोटो.

पुढे थारला टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. त्याचा बोल्ट पिळला की दहा मिनिटांत गाडी वर येते, म्हणून सगळे पिळतात. पण चाकाची एकूण हालचाल वाढत नाही. वर जाणारी वाढते तेवढी खाली जाणारी कमी होते, आणि एक्सलचा कोन तिरका होऊन रबरी बूट फाटतात. फाटलेल्या बुटात माळाची माती गेली की सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा सांधा, काही दिवसांचा सोबती. एखाद-दोन सेंटिमीटरपुढे जाऊ नये, आणि केल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी. पाट्यांचं कुठलंही काम झालं की ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळणं आलंच.

विंच मी बसवलीच नाही. ती बांधायला झाड लागतं. आपल्या माळावर दोर बांधावा असं झाड एक किलोमीटरवर, आणि ट्रॅक्टर अर्ध्या किलोमीटरवर.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं आहे. माझा तो जाड बंपर म्हणूनच उतरला. असल्या बंपरमुळे धडकेत चासी मुरगळते आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तर ती उघडण्याची वेळच चुकते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या क्लेमच्या वेळी आडवा येतो. १५ वर्षं झाली की आरटीओकडे फिटनेस आणि फेरनोंदणी असते. त्या दिवशी गाडी कागदावरच्या गाडीसारखी दिसली पाहिजे. ब्रीदर, पाटे दुरुस्ती, रेडिएटर, मूळ मापाचे टायर यांतलं काहीच अडत नाही.

वाफसा आल्याशिवाय रानात नाही

मंगळवेढ्याजवळ एकदा आदल्या रात्री पाऊस झालेला, सकाळी लख्ख ऊन. वरून जमीन सुकलेली दिसत होती. पाणंदीवरून गाडी उतरवली आणि चाळीस फुटांवर ती नुसती बसली. चाकं फिरत होती, पण जागेवर. खाली उतरलो तर बुटाला दोन-दोन किलो माती. चाक आणि मडगार्डमधली जागा मातीने गच्च भरलेली, चाक फिरायला जागाच उरली नव्हती. बांधावर बसलेले एक काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "पावनं, पावसानंतर तीन दिस आमी बैल बी घालत न्हाई ह्या रानात. तुमी मोटार घालताव व्हय?"

काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण थरांच्या मध्ये पाणी धरून फुगतात, उन्हाळ्यात आकसून मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात त्याच कारणाने. वरचा बोटभर थर सुकतो, खाली लोणी असतं. शेतकऱ्याची चाचणी गाडीलाही तंतोतंत लागू पडते: चार बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर परत फिरा. दाबल्यावर भुगा झाला तर वाफसा आलाय, चला. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे हटतं तेव्हाचा गाळही असाच फसवा. वर भेगाळलेली पापडी, खाली चिखल. गाळपेर केलेल्या जमिनीत तर गाडी घालूच नये, ते कुणाचं तरी पीक आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि त्याच्या भोवतीच्या गवताळ माळावरही नाही. तिथले पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि चालकाला ती दिसत नाहीत.

रुतलातच तर ॲक्सिलरेटर सोडा. जितकं फिरवाल तितकं पोट टेकेल. हवा १८ पर्यंत उतरवा, चारी चाकांसमोरची माती फावड्याने काढा, वाळलेलं पाचट किंवा तुराट्या घाला आणि आलात त्याच चाकोरीतून मागे निघा. ट्रॅक्टर आला तर साखळी नको, जाड पट्टा घ्या, दोन्ही टोकांना पावणेपाच टनांचे शॅकल (पट्टा अडकवायच्या यू आकाराच्या लोखंडी कड्या). चिखलात बसलेली गाडी हलवायला तिच्या वजनाइतका जोर लागू शकतो. त्या ताणात काही तुटलं तर लोखंड गोळीसारखं येतं. पट्ट्याच्या मधोमध भिजवलेलं घोंगडं किंवा जाड सोलापुरी चादर टाका, तुटला तर पट्टा जमिनीवर पडतो. बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब हाकला. आपल्याकडे बघे कमी कधीच नसतात. ट्रॅक्टरवाल्याला झटका द्यायचा नाही, सावकाश ताण घ्यायचा, हे दोरी बांधायच्या आधी सांगा.

ओढ्यात उतरायच्या आधी स्वतः चालत जा, काठी घेऊन. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा पाय ओढले जात असतील तर गाडी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

घरी आल्यावर

चिखल ओला असतानाच धुवा. वाळला की पहारीने काढावा लागतो. रिमच्या आतल्या बाजूला राहिलेला मातीचा एक गोळा हायवेला सत्तरच्या पुढे स्टेअरिंग असं थरथरवतो की माणूस अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगवर पैसे घालवून येतो. पाण्यातून आला असाल तर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा आणि महिन्याभरात मागचे ड्रम उघडून आतली माती झाडून घ्या. क्रॉसला आणि शॅकलला ग्रीस मारताना जुनं, काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप थांबवू नका, कारण पाणी आणि वाळू त्या जुन्या ग्रीसबरोबरच निघते. टायरवरून हात नको, डोळे फिरवा. अर्धवट घुसलेले काटे पकडीने ओढून काढा, राहिले तर आठवडाभर चालून आत जातात.

आणि ओढा ओलांडला असेल तर गाडी रात्रभर सपाटीला उभी ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी दोन्ही डिफचा खालचा बोल्ट ऑइल झिरपेपर्यंतच सैल करा आणि पहिले थेंब पांढऱ्या झाकणात धरा. गढूळ किंवा चहाच्या रंगाचे आले तर गाडी तिथेच राहू द्या, सगळं ऑइल काढा. स्वच्छ आले तर बोल्ट आवळा आणि हात धुवा.